सक्तीची सेवा आणि नाणूसचा किल्ला



आठवीपासून एन.सी.सी. सर्वांना सक्तीची करावी, अशी मागणी काही पालकांनी विद्यालयाकडे केली आहे. मुलांना शिस्त लागावी, हा हेतू उत्तमच आहे. परंतु सक्तीच्या सेवेचा एक धडा आपल्याच सत्तरीत घडलेला आहे. निर्णयापूर्वी तो वाचावा, असे आम्हांस वाटते.

सन १८९५. आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये पोर्तुगिजांविरुद्ध उठाव झाला होता. तो मोडण्यासाठी गोव्यातील मराठा शिपायांनी तिकडे जावे, असा हुकूम सुटला. लढणे हा तर या शिपायांचा पेशाच. तरीही समुद्रापार जाण्यास त्यांनी नकार दिला. सप्टेंबरात ते पणजीहून हत्यारांसह निघाले आणि वाळपईजवळच्या नाणूस किल्ल्यावर आले. १८५२ साली दीपाजी राणे यांनी जिंकलेला किल्ला तो हाच! सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले. बंड इतके पसरले, की ते शमविण्यासाठी पोर्तुगालच्या राजाचा भाऊ आफोंसो फौज घेऊन गोव्यात आला. आपण याला राण्यांचे बंड म्हणतो; ठिणगी मात्र शिपायांच्या नकाराची होती, हे पुष्कळदा विसरले जाते.

स्वतंत्र भारतात सैन्यभरती ऐच्छिकच राहिली. १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे आपण सक्तीच्या भरतीविना लढलो. २०२२ ची अग्निपथ योजनाही, चार वर्षांची असली तरी, स्वेच्छेचीच. म्हणजे सक्ती अशक्य आहे असे नव्हे. राज्यघटनेचा अनुच्छेद २३ वेठबिगारीस मनाई करतो, पण सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा सरकारला देतो. अट एवढीच, की धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव होता कामा नये. इस्रायल, सिंगापूर, दक्षिण कोरिया येथे अशी सक्ती आहे. लहान देश, दाराशी धोका. त्यांचे गणित वेगळे.

एन.सी.सी.चाही अनुभव आहेच. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. म्हणून विश्वस्त मंडळाकडे आमची शिफारस ती ऐच्छिकच ठेवावी अशी आहे. मनाविरुद्ध परेडला उभा राहिलेला मुलगा पाय आपटायला शिकेल, शिस्त शिकेलच असे नाही.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरी चर्चा करून एक पान लिहून आणावे : पगार घेणाऱ्या शिपायाला कोणता हुकूम नाकारण्याचा अधिकार असावा? आजी-आजोबांचे मत वेगळे असल्यास तेही लिहावे.