क्ष-किरणांचा थर्मामीटर

भट्टीतल्या लोखंडाला हात न लावता लोहार त्याची धग ओळखतो. लाल दिसले तर कमी, पिवळे दिसले तर अधिक, पांढरे दिसले तर फारच. आजच्या पाठाचे मूळ एवढेच आहे.

अमेरिकेतील लिव्हरमोर येथे १९२ लेसर-झोत धातूच्या लहान नळीत सोडतात. तिच्या तापलेल्या भिंतींतून निघणारे क्ष-किरण आतली मोहरीएवढी गोळी चेपतात. गोळीत जड हायड्रोजनचे दोन प्रकार, ड्यूटेरियम व ट्रिटियम, असतात. ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. लेसर चालविण्यास लागलेली वीज मात्र याहून कितीतरी जास्त होती.

असे मीलन पेट घेण्यास गोळीच्या गाभ्यात सुमारे ५ कोटी अंश उष्णता लागते. सूर्याच्या गाभ्यात ती दीड कोटी असते. सेकंदाचे १ हजार कोटी भाग केले, तर त्यातल्या सुमारे एका भागापुरताच हा गाभा टिकतो. तेथे थर्मामीटर कसा लावणार?

एवढ्या उष्णतेत अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या स्थितीस प्लाझ्मा म्हणतात. धावता इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना ओढला जातो, वळतो, मंदावतो. त्याने गमावलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. प्लाझ्मा जितका तप्त, तितके कठोर, म्हणजे अधिक ऊर्जेचे, किरण त्यात जास्त.

आता थोडे गणित. येथे तापमान किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. १ एकक म्हणजे सुमारे १ कोटी १६ लक्ष अंश. तापमान १ एकक असेल, तर १५ एककांच्या किरणांची तीव्रता १० एककांच्या किरणांच्या सुमारे १४८ व्या हिश्श्याइतकी भरते. तापमान ५ एकके झाले, की तीच एक तृतीयांशाहून थोडी अधिक होते. किरण एकूण किती आले याला महत्त्व नाही. दोहोंचे प्रमाण पाहावयाचे.

ते पाहण्यासाठी धातूचे पातळ व जाड पत्रे वापरतात. जाड पत्र्यातून मुख्यतः कठोर किरणच पार होतात. दोन्ही पत्र्यांमागील नोंदींची तुलना केली, की तापमान काढता येते. मात्र मृदु किरण गाभ्याभोवतीच्या दाट, थंड इंधनातच शोषले जातात. ते हिशेबात धरले, तर तापमान खऱ्याहून जास्त भासते. म्हणून कठोर किरणांवरच भिस्त ठेवावी लागते.

मीलनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांच्या वेगांतील फरकावरूनही तापमान काढतात. मग क्ष-किरणांचा खटाटोप कशाला? कारण गाभ्यातला प्लाझ्मा इकडेतिकडे उसळत असेल, तर न्यूट्रॉनांच्या वेगांतला फरक वाढतो आणि गाभा आहे त्याहून तप्त वाटतो. वास्तविक चेपण्याची ती ऊर्जा उष्णता न होता उसळण्यात वाया गेलेली असते. क्ष-किरणांच्या मापात ही गफलत शिरत नाही. न्यूट्रॉनांचे माप क्ष-किरणांच्या मापाहून बरेच जास्त आले, तर गोळी सर्व बाजूंनी सारखी चेपली गेली नसावी, अशी शंका घेता येते. पुढच्या प्रयोगात काय सुधारावे, ते येथूनच कळते.