भातलावणीचा खेळ आणि यंत्रमानवाची शाळा

रायगड जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. पेण-अलिबागच्या खारेपाटातील मुलास लावणी, कापणी, झोडणी ही कामे पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. हीच कामे २०२४ मध्ये आशिया-प्रशांत विभागातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे स्पर्धेचा प्रश्न म्हणून ठेवण्यात आली. व्हिएतनाममध्ये भरलेल्या ‘रोबोकॉन’ स्पर्धेचा त्या वर्षीचा विषय होता भाताचा हंगाम. किनाऱ्यावरील शाळांनी या घटनेचा विचार करणे अगत्याचे आहे.

स्पर्धेचे स्वरूप

आशिया-प्रशांत प्रसारण संघाची ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियो येथे सुरू झाली. भारतातील संघाची निवड दूरदर्शनच्या पुढाकाराने होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेतून होते. यजमान देश दरवर्षी खेळाचा विषय ठरवितो व नियम काही महिने आधी जाहीर करतो. यंत्रमानव मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः बांधावयाचा असतो.

२००८ मध्ये ही स्पर्धा पुण्याला बालेवाडी येथे झाली, तेव्हा विषय होता ‘गोविंदा’, म्हणजे आपली दहीहंडी. २०२२ मध्ये यजमानपद पुन्हा भारताकडे आले आणि विषय ठरला लगोरी. २०२४ च्या खेळात एका यंत्राने रोपे लावावयाची व दाणे गोळा करावयाचे, तर दुसऱ्याने माणसाच्या मदतीविना भरीव दाणे ओळखून कणगीत टाकावयाचे, अशी विभागणी होती. दाण्यांच्या जागी रंगीत चेंडू होते व पोकळ दाण्यांचा रंग वेगळा होता. भरीव दाणा आणि पळींज यांतील जो फरक आपली माणसे सुपाच्या एका झटक्यात करतात, तो यंत्राला शिकविण्यासाठी कॅमेरा, गणित व असंख्य चाचण्या लागतात.

यात शिकण्यासारखे काय?

एक साधे उदाहरण घेऊ. यंत्राच्या चाकाचा व्यास १० सेंटिमीटर असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात ते सुमारे ३१.४ सेंटिमीटर पुढे जाते. तीन मीटर अंतरासाठी साडेनऊ फेऱ्यांहून किंचित अधिक फेरे लागतील. हे उत्तर सातवीचा विद्यार्थीही काढू शकेल. परंतु चाक शंभरात दोन भाग जरी घसरले, तरी यंत्र सहा सेंटिमीटर मागे राहते आणि रोप नेमलेल्या जागेबाहेर पडते. मग विद्यार्थी जमिनीवरील पांढरी रेषा ओळखणारा प्रकाशसंवेदक बसवितात व चूक वाटेतच दुरुस्त करतात. परिघाचे सूत्र पाठ असणे आणि त्या सूत्रात व प्रत्यक्षात अंतर का पडते हे शोधणे, या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरी गोष्ट चाचणीवाचून येत नाही.

दिशेचेही तसेच आहे. दिशा कळण्यासाठी यंत्रावर चुंबकीय संवेदक बसविला, तर शेजारच्या मोटारीतील वीजप्रवाहामुळे त्याची नोंद बिघडू शकते. या अडचणीचा एक मोठा दाखला अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारतीच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ टाळण्यात आले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या व नव्या आकड्यांचा मेळ घालण्यात आला. बिघाडाचे कारण आधी ओळखावे, उपकरण त्यापासून दूर न्यावे आणि नोंद पडताळून पाहावी, हीच शिस्त स्पर्धेतील संघालाही पाळावी लागते.

साहित्य कपाटात की मुलांच्या हातात?

केंद्र शासनाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून निवडक शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना आली. ती सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांतून अशा ५०,000 प्रयोगशाळा उभारण्याचे जाहीर झाले. तथापि प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले म्हणजे काम झाले, असे समजणे घातक ठरेल. मोडेल या भीतीने साहित्य कुलूपबंद राहिले, तर खाऱ्या दमट हवेने जोडणीच्या तारा व पट्ट्या गंजतील आणि मुलांनी हात लावण्यापूर्वीच ते निकामी होईल. मुलांच्या हातून एखादी मोटार जळाली, तर निदान ती का जळाली हे तरी त्यांना कळेल.

यास्तव काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. मोडतोड ही शिक्षणाचाच भाग समजून तिची नोंद ठेवावी, तिचा दोष शिक्षकांच्या माथी मारू नये. संघ निवडताना केवळ गुणपत्रिका पाहू नये. वडिलांबरोबर होडीचे इंजिन उघडणारा मुलगा, शिवणयंत्र दुरुस्त करणारी मुलगी यांना आवर्जून घ्यावे. मुलींना सजावटीचे किंवा लेखनाचे काम देऊन बाजूस ठेवू नये. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तसेच जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्याकडे मार्गदर्शनासाठी विचारणा करावी. ग्रामपंचायतीने सुटीच्या दिवशी समाजमंदिराची मोकळी फरशी सरावास दिली, तरी मोठी सोय होईल. पावसाळ्यात संवेदक व विजेचे भाग घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावेत आणि आठवड्यातून एकदा चालवून पाहावेत.

पहिल्या वर्षी मोठ्या स्पर्धेचा आग्रह नको. शाळेच्या फरशीवर खडूने खाचर आखावे, बारा खुणा कराव्यात आणि यंत्राने प्रत्येक खुणेवर एक काडी उभी करावी, एवढेच ठरवावे. तालुक्यातील चार शाळांनी असा खेळ एकत्र मांडला, तर तीच त्यांची पहिली स्पर्धा होईल. बारांपैकी किती काड्या उभ्या राहिल्या याबरोबरच उरलेल्या का पडल्या, हे मुलांनी सर्वांसमोर सांगावे आणि परीक्षकांनी त्यालाही गुण द्यावेत.