परसातल्या कोंबड्या किती असाव्यात?

मंडळी, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (आम्ही जुनी माणसे अजून नगरच म्हणतो) पाथर्डी, जामखेड, पारनेरकडे पाऊस थोडा. पुष्कळ घरांत मीठ-मिरचीचा पैसा बाईच्या कोंबड्यांतून येतो. म्हणून हा धडा.

लोक म्हणतात, कोंबड्या जास्त तर अंडी जास्त. तसे होत नाही. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम खाते. मोकळी सोडली तर त्यातले निम्मे ती उकिरड्यावर मिळवते. किडे, कोवळे गवत, सांडलेले दाणे. उरलेले आपण घालायचे. म्हणजे १० कोंबड्यांना रोज अर्धा किलो, महिन्याला १५ किलो. घरात कणी, निवडण, खरकटे किती निघते ते आधी पाहा. मग आकडा ठरवा. पाच-सहा माणसांच्या घराला ८-१० कोंबड्या आणि एक कोंबडा पुरे. दोन कोंबडे ठेवले तर भांडतात, आणि दाणे मात्र दोघेही खातात!

आकडा वाढतो तो पिलांनी. खुडूक कोंबडीखाली १०-१२ अंडी ठेवली की २१ दिवसांनी पिले निघतात. पिले मोठी झाली की जादा नर आणि म्हाताऱ्या कोंबड्या विकून टाकाव्यात. इथे माया करू नये.

खुराड्यात दर कोंबडीला दीड फूट लांब, एक फूट रुंद जागा हवी. जमीन कोरडी हवी. सकाळी दार उघडताना कोंबड्या मोजा. पाण्याचे परळ रोज घासा. उन्हाळ्यात ते सावलीत ठेवा, दोनदा भरा. संध्याकाळी ठरल्या वेळी दाणे टाका, म्हणजे त्या आपसूक घरी येतात. पुन्हा मोजा आणि कडी लावा. मुंगूस कडी नसलेले दार बरोबर ओळखते.

आता माझेच सांगतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेने मी २२ कोंबड्या केल्या. खुराडे दहांचे. त्यात बाजारातून एक तुरेवाला कोंबडा आणला आणि त्याच रात्री सगळ्यांत कोंडला. पाचव्या दिवशी तो हिरवे पातळ हगू लागला. मग एकीची मान वाकडी झाली. पुढच्या आठ-दहा दिवसांत १७ गेल्या. त्या अंड्यांच्या पैशांतून आमची मंडळी नातीच्या वह्या घेत असे. ती मला एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागले.

हा मानमोडीचा रोग. डॉक्टर त्याला राणीखेत म्हणतात. रोग झाल्यावर औषध नाही, आधी लस आहे. पिलू ७ दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात थेंब, आणि दोन महिन्यांचे झाले की टोचून. लस निरोगी कोंबडीलाच द्यावी. विकत आणलेली कोंबडी १५ दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नये, खोल पुरावी. एकदम पुष्कळ मेल्या तर हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवावे.

लसीची बाटली पुष्कळ कोंबड्यांची असते. ती बर्फात आणावी लागते, आणि फोडल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा. त्या दिवशी सकाळी खुराडे उघडू नये. नाही तर डॉक्टर दारात आणि कोंबड्या उकिरड्यावर!