दवाखाना सरकारी, पण कोणाच्या ताब्यातला?

प्रश्न : गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळाले नाही, म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तक्रार केली. 'ते केंद्र आमच्याकडे येत नाही,' असे उत्तर मिळाले. दोन्ही सरकारीच ना? – एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : दोन्ही सरकारीच, पण साहेब वेगळे. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातली आरोग्यसेवा त्यांच्याकडे गेली. त्यामुळे उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत. त्यावरची ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये राज्याच्या आरोग्य खात्याची; तिथे हुकूम चालतो सिव्हिल सर्जनचा. एकाच जिल्ह्यातले हे दोन अधिकारी एकमेकांच्या हाताखाली नाहीत. त्यांच्या वर आरोग्य उपसंचालक. राज्यात अशा उपसंचालकांची आठ मंडळे आहेत. तुमचे पुणे मंडळ, त्यात साताराही आला नि सोलापूरही.

गंमत आरोग्य केंद्राच्या आतही आहे. डॉक्टर राज्याच्या सेवेतले, आरोग्यसेविका बहुधा जिल्हा परिषदेची, तर आशाताई कोणाचीच नोकरदार नाही, तिला मानधन नि कामागणिक मोबदला.

शहरात गुंता आणखी वाढतो. पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आरोग्य खात्याचे, ससून वैद्यकीय शिक्षण खात्याचे आणि मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय महापालिकेचे. याची झळ थेट खिशाला बसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याने आपल्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सारे मोफत केले. तो निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकांच्या रुग्णालयांना लागू नव्हता. औंधला फुकट झालेल्या तपासणीचे ससूनला पैसे का, असे विचारणारा रुग्ण अडाणी नसतो. आजाऱ्याने आधी खाती ओळखायची आणि मग उपचार घ्यायचे, ही अपेक्षाच चुकीची आहे. तक्रार कुठेही आली तरी ती योग्य टेबलावर पोचवणे हे कार्यालयाचे काम.

तोवर तुम्ही अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे लिहा, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. औषधाचे नाव आणि तारीख घाला, आणि आवक-जावक विभागाचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.