हृदयाची लय व तिचा बिघाड

इयत्ता आठवीच्या वर्गांत शरीरशास्त्राचा पाठ देतांना आम्ही दर वर्षीं एक प्रयोग करवितों. मुलांनीं प्रथम बाकावर स्वस्थ बसून आपल्या नाडीचे ठोके मोजावयाचे, मग मैदानाला दोन फेऱ्या मारून यावयाचें व पुन्हां मोजावयाचे. ८० च्या आसपास असलेली संख्या एकदम १२० च्या पुढें गेलेली पाहून मुलांस मोठी मौज वाटते. हा प्रयोग आम्ही बरींच वर्षें करवीत आलों. परंतु ज्या हाताची नाडी पाहणें आमचें कर्तव्य होतें, त्या हातावर मात्र आम्हीं कधीं दोन बोटें ठेविलीं नाहींत. ती हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं हृदयाची लय म्हणजे काय, हें पाहूं.

हृदयाचा ठेका मेंदू धरतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून योग्य क्षारांच्या पाण्यांत ठेविलें, तरी तें कांहीं वेळ चालत राहतें. १९६८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं एका माणसाचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें. तो रोगी थोडेच तास जगला. परंतु अशा शस्त्रक्रियेंत हृदयाकडे जाणारे सर्व मज्जातंतू तोडावे लागतात, आणि तरीहि तें नव्या छातींत आपल्या आपण चालूं लागतें. मज्जातंतू वेग कमीअधिक करतात. ठेका हृदयाचा स्वतःचा असतो.

हा ठेका धरणारी इवलीशी जागा हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतींत आहे. तिच्या शोधाची गोष्ट विद्यार्थ्यांस आवडेल. १९०६ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांतील केंट परगण्यांत आर्थर कीथ हे शास्त्रज्ञ सायकलवरून फेरफटका मारून घरीं आले, तों त्यांचा तरुण विद्यार्थी मार्टिन फ्लॅक हर्षभरानें त्यांची वाट पाहत होता. जमिनींत बिळें करणाऱ्या मोल नांवाच्या लहान प्राण्याचें हृदय सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतां तपासतां त्याला ही जागा सांपडली होती. १९०७ सालीं दोघांनीं तो शोध प्रसिद्ध केला. (शोध गुरुजींच्या गैरहजेरींत लागला, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं फार मनावर घेऊं नये.) त्याच सुमारास सुनाओ तावारा या जपानी विद्वानानें जर्मनींत खालचें दुसरें ठाणें दाखवून दिलें. वरून आलेली आज्ञा तेथें क्षणभर थबकते, व त्या अवकाशांत वरचे कप्पे आपलें रक्त खालच्या कप्प्यांत रितें करतात. दिवसास सुमारें एक लक्ष वेळां हें घडतें.

ही लय अनेक रीतींनीं बिघडते. कधीं एकादा ठोका वेळेपूर्वींच पडतो. मग थोडी पोकळी राहते, पुढचा ठोका जोरानें आदळतो, आणि माणसास वाटतें कीं हृदय एक ठोका चुकलें. जागरण, ताप, चहाचा अतिरेक, तंबाखू यांनीं असें होतें, व हृदय एरव्हीं निरोगी असल्यास त्याचें भय बाळगण्याचें सहसा कारण नसतें. दुसऱ्या प्रकारांत वेग एकाएकीं वाढतो. धांवण्यानें वा भीतीनें वाढलेला वेग हळूहळू चढतो व हळूहळू उतरतो. हा मात्र कळ दाबून दिवा लागावा तसा लागतो व तसाच विझतो. स्वस्थ बसलेल्या मुलाची नाडी मिनिटास १८० झाली, तर ती परीक्षेच्या काळजीनें झाली असें म्हणून भागत नाहीं. कित्येकांची नाडी याच्या उलट इतकी मंद होते कीं मेंदूस रक्त अपुरें पडतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, व उभा माणूस कोसळतो. आणखी एका प्रकारांत वरचे कप्पे नीट आकुंचन न पावतां नुसते थरथरत राहतात. मग नाडीस कसलाच ताल उरत नाहीं; दोन ठोके लागोपाठ, एक लांबलेला, एक जोराचा, एक बोटास लागेल न लागेल असा. डॉक्टर यास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्यांत रक्त सांचून गोठूं शकतें, आणि ती गुठळी मेंदूंत जाऊन अडकली म्हणजे अर्धांगवायूचा झटका येतो.

आमच्या मातोश्रींस हाच विकार होता. देवपुरांतील आमच्या घरीं त्या मध्यरात्रीं उठून ओट्यावर जाऊन बसत. काय होतें म्हणून विचारलें, तर अहिराणींत एवढेंच म्हणत, "मना जीव घाबरस." आम्हीं त्याचा अर्थ भीति असा घेतला. वडील वारल्यापासून त्यांचें मन हळवें झालें आहे, असें घरांतल्या सर्वांनीं ठरवून टाकलें. शेजारणींनीं मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढली. चढतांना धाप लागे, ती वयावर घातली. एकदां पांझरेचा पूल ओलांडून त्यांस धुळ्यांत एका डॉक्टरांकडे नेलें; परंतु तेथें पोंचेपर्यंत धडधड थांबलेली होती. हृदयाचा आलेख काढला, त्यांतील ठोके नियमित निघाले. आम्हांस हायसें वाटलें. त्यांस काय वाटलें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

आलेखाच्या यंत्रास दोष देणें योग्य नव्हे. हॉलंडांतील विलेम आइंथोव्हेन यांचें मूळ यंत्र सुमारें २७० किलो वजनाचें होतें. तें चालविण्यास पांच माणसें लागत, आणि रोग्यास हात-पाय मिठाच्या पाण्यांत बुडवून बसावें लागे. या कार्याबद्दल १९२४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज तेंच काम पिशवींत मावणारें यंत्र करतें. परंतु साधा आलेख म्हणजे कांहीं सेकंदांची नोंद. त्या सेकंदांत जें घडत नाहीं तें त्यांत उमटणार कसें? यासाठीं चोवीस तास वा अधिक काळ अंगावर बाळगण्याचीं यंत्रें निघालीं आहेत. तरीहि धडधड होते त्या घटकेस रोग्याजवळ असतें तें घरचें माणूस, डॉक्टर नव्हे.

पुढें दोन वर्षांनीं एका सकाळीं भाकरी थापतांना मातोश्रींचा उजवा हात लुळा पडला व तोंड वाकडें झालें. रुग्णालयांत कळलें कीं लहानपणीं त्यांस सांधे सुजून ताप येत असे. घशाच्या विशिष्ट जंतुदोषानंतर येणारा हा ताप सांधे सोडतो, पण हृदयाच्या झडपा धरून ठेवतो. त्यांची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टरांनीं विचारलें, "नाडी अशी अनियमित केव्हांपासून आहे?" शेंकडों मुलांस नाडी मोजावयास शिकविलेल्या आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

नाडी पाहण्याची रीत अगदीं सोपी आहे. मनगटावर आंगठ्याच्या बाजूस तर्जनी व मधलें बोट ठेवावें. आंगठ्यानें पाहूं नये, कारण त्यांत आपलीच नाडी लागते. पुरें एक मिनिट मोजावें. अनियमित नाडींत पंधरा सेकंद मोजून चौपट केल्यास फसगत होते. किती ठोके, ताल आहे कीं नाहीं, एकाएकीं सुरू झालें कीं हळूहळू, किती वेळ टिकलें, त्यावेळीं माणूस काय करीत होता, सोबत घेरी, धाप वा छातींत दुखणें होतें काय, एवढें लिहून ठेवावें. मोठ्या माणसाची विश्रांतीची नाडी सामान्यतः ६० ते १०० असते. मुलांची याहून जलद असते.

कांहीं लक्षणें मात्र नोंदवीत बसण्याचीं नव्हेत. धांवतांना वा खेळतांना जो मुलगा बेशुद्ध पडला, त्याला पाणी मारून पुन्हां मैदानांत धाडूं नये. विशेषतः त्याच्या कुळांत कोणी तरुणपणीं अकस्मात् वारलें असेल, तर हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. पडलेला माणूस हांक ऐकत नसेल व त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर १०८ क्रमांकास कळवून त्याच्या छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० वेळां जोरानें दाब देत राहावें. आमच्या खानदेशांत आणखी एक धोका कुंपणालाच लागलेला आहे. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हिच्या बिया घेऊन मुलें खेळतात. ती बी पोटांत गेली तर हृदयाची आज्ञा वाटेंतच अडते व नाडी भलतीच मंद होऊं शकते. तशाच जातीचें द्रव्य असलेली एक विलायती वनस्पति विल्यम विदरिंग यांनीं १७८५ सालीं औषध म्हणून प्रसिद्धीस आणली, हें खरें. पण बी खाल्लेल्या मुलास घरीं उपाय न करितां थेट रुग्णालयांत न्यावें.

लय बिघडली म्हणजे आयुष्य संपलें असें नव्हे. मंद हृदयास ठेका देणारें यंत्र शरीरांत प्रथम बसविलें तें १९५८ सालीं स्वीडनांत, आर्ने लार्सन यांच्या. तें कांहीं तासांतच बंद पडलें. पण पुढें एकामागून एक अशीं २६ यंत्रें वापरून ते ८६ वर्षांचे होऊन २००१ सालीं वारले, आणि तेहि दुसऱ्याच रोगानें. मातोश्रींस यंत्राची जरूर नव्हती. रक्त गोठूं न देणारी गोळी रोज ठरल्या वेळीं घेणें व ठराविक मुदतीनें रक्त तपासणें, एवढें त्यांच्यामागें लागलें. मेथीची भाजी सुटणार काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. डॉक्टर म्हणाले, "खा, पण प्रमाण सारखें ठेवा, एक आठवडा मुळींच नाहीं व दुसऱ्या आठवड्यांत रोज, असें करूं नका." दांत काढावयाचा झाला तेव्हां त्यांनीं स्वतःच दांतांच्या डॉक्टरांस गोळीविषयीं आधीं सांगितलें, आणि कोणाच्याहि सांगण्यावरून ती आपल्या मनानें बंद केली नाहीं. सांधे सुजून ताप आलेल्या शेजारच्या एका मुलीस दर तीन आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई टोंचून घेण्यास त्याच घेऊन जात. मुलगी बरी दिसते, आतां सुई कशाला, असें तिचे आईबाप म्हणत, त्यांस आपला हात दाखवीत.

त्यांचा उजवा हात पुष्कळसा सुधारला, पण लेखणी धरण्याजोगा झाला नाहीं. नाडीची वही त्यांनीं डाव्या हातानें लिहिली आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशींची नोंद अशी: "सकाळीं ठोके ८४, ताल नाहीं, घेरी नाहीं. करंज्या केल्या."