तापलेलें इंजिन आणि थोडासा धीर

वैशाखांतील एका दुपारीं आम्ही एका स्नेह्यांच्या मोटारींतून नागपुराहून वर्ध्यास परत येत होतों. आपल्या जिल्ह्यांतील वैशाख कसा असतो, हें विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सेलू मागें पडल्यावर उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागला. आम्हीं तो स्नेह्यांस दाखविला. "मास्तर, पवनार आलेंच, धामेच्या पुलापाशीं थांबूं," असें म्हणून त्यांनीं गाडी तशीच पुढें नेली. पवनार दिसण्यापूर्वींच इंजिन गचके देऊन बंद पडलें आणि वाफेचा लोट उठला. एवढ्याशा वाटेची किंमत एवढी मोठी कां पडली, याचा विचार विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल.

इंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें तिसरा हिस्साच गतीच्या कामीं येतो. बाकीची उष्णता धुरावाटे व पाण्यावाटे बाहेर घालवावी लागते. १८८८ सालच्या ऑगस्टमध्यें बर्था बेंझ ही बाई मॅनहाइमहून फोर्झहाइम गांवास मोटार घेऊन गेली, तेव्हां तिला वाटेंत वरचेवर पाणी भरावें लागलें. कारण त्या यंत्राचें पाणी वाफ होऊन उडून जात असे. आजच्या गाडींत तेंच पाणी पंपानें इंजिनाभोंवतीं फिरतें, रेडिएटरमध्यें निवतें व पुन्हां आंत जातें. रेडिएटरचें झांकण स्वयंपाकघरांतील कुकरप्रमाणें आंत दाब राखतें. त्यामुळें १०० अंशांस उकळणारें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. म्हणूनच तापलेलें झांकण उघडणें अति घातक होय. दाब नाहींसा होतांच पाण्याची एकदम वाफ होते व तें उसळून हात, तोंड भाजतें. आमचे स्नेही घाईनें झांकण फिरवावयास गेले, तेव्हां आम्हीं त्यांचा हात धरला. त्या दिवशीं आमच्या हातून घडलेलें उपयोगाचें काम काय तें एवढेंच.

इंजिनाचा खालचा भाग ब्लॉक व वरचा भाग हेड. या दोहोंमध्यें जो पातळ पत्रा दाबून बसविलेला असतो, तें हेड गॅस्केट. जळणारा वायू, पाणी व तेल यांस तें एकमेकांपासून वेगळें ठेवतें. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. यास्तव बिडाच्या ब्लॉकावर ॲल्युमिनियमचें हेड असेल, तर अति तापल्यानें तें वांकतें, पत्र्यावरील दाब कमी होतो व गॅस्केट फुटतें. मग पाणी सिलिंडरांत शिरून पांढरा धूर निघतो. तेलांत मिसळल्यास तेल दुधाळ होतें. रेडिएटरांत बुडबुडे येतात. आणि बाहेर गळती नसतांही पाणी घटतें. हीं चिन्हें दिसल्यावर गाडी चालवूं नये, ओढून न्यावी.

कांटा चढूं लागतांच वातानुकूलन बंद करावें, गाडी सुरक्षित जागीं बाजूस घेऊन इंजिन बंद करावें व निदान अर्धा तास थांबावें. थांबण्यास जागा मिळेपर्यंत गाडींतील हीटर पूर्ण चालू ठेवल्यास इंजिनाची कांहीं उष्णता बाहेर पडते. वैशाखांत हा उपाय नकोसा वाटला तरी तो खरा आहे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतूं नये, धातूस तडा जातो. इंजिन पूर्ण निवल्यावर झांकणावर जाड फडकें धरून तें हळूहळू सैल करावें व मगच पाणी घालावें.

वर्ध्याच्या मिस्त्रीनें हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी धरली, तेव्हां पट्टीखालून उजेड दिसला. हेड वांकलें होतें. दोन सिलिंडरांमधील गॅस्केट जळालें होतें. हेड यंत्रावर घांसून सपाट करावें लागलें, नवें गॅस्केट घालावें लागलें, आणि बोल्ट मधून बाहेर अशा ठरल्या क्रमानें व ठरल्या जोरानें आंवळावे लागले. गाडी कित्येक दिवस अडकून पडली. या सर्वांचें मूळ काय, तर एक तडकलेली रबरी नळी! तिच्यांतून पाणी थेंबथेंब गळत होतें. सेलूस थांबलों असतों, तर त्या नळीच्याच किंमतींत काम भागलें असतें.

आमचे स्नेही हल्लीं कांटा जरा हलला कीं गाडी झाडाखालीं उभी करतात. आम्ही त्यांस उशिराबद्दल कधीं बोलत नाहीं.