स्वच्छ पाण्यातील शत्रू : हिवतापाचा एक धडा

हिवतापाची साथ आली की आपण प्रथम गटाराकडे बोट दाखवतो. गटारे स्वच्छ असावीतच. परंतु हिवताप पसरविणारा ॲनोफिलीस डास सहसा तेथे जन्मत नाही. त्याला बहुधा स्वच्छ, साचलेले पाणी लागते. शत्रूचा ठावठिकाणाच चुकला, तर मोहीम यशस्वी कशी होणार?

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ॲनोफिलीसच्या जठरात हिवतापाचा परजीवी आढळला. पुढे १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा शोध घेतला, तेव्हा ॲनोफिलीस स्टीफेन्सी ही जात घरोघरच्या विहिरींत वाढत असल्याचे दिसून आले. विहिरी बुजविण्याचे वा झाकण्याचे आदेश निघाले. विहिरीतील देवता कोपतील, या भीतीने अनेक घरमालकांनी त्यास विरोध केला. महापालिकेचे अधिकारी रुस्तम मसानी यांनी या समजुतींवर १९१८ साली इंग्रजीत पुस्तकच लिहिले. विहिरीवर बारीक तारेच्या जाळीची झडप बसविणे, हा त्यातून निघालेला एक मार्ग होता. पाणी काढता येई. डासाला मात्र अंडी घालता येत नसत.

डासाच्या प्रत्येक सवयीत एक उपाय दडलेला आहे. रक्त केवळ मादी पिते, तेही मुख्यतः रात्री, म्हणून मच्छरदाणी. रक्त पिऊन ती बहुधा भिंतीवर विसावते. म्हणून घरातील भिंतींवर फवारणी. परजीवी तिच्या शरीरात पक्व होण्यास साधारणतः १० ते १४ दिवस लागतात. तिचे आयुष्य त्याआधीच संपले, तर रोगाची साखळी तुटते. उष्ण हवेत अंड्याचा डास होण्यास सुमारे आठवडा ते दीड आठवडा लागतो; म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी व टाक्या रिकाम्या करून, घासून कोरड्या ठेवाव्यात.

ही दक्षता सैल होऊ देता कामा नये. राष्ट्रीय मोहिमेमुळे १९६५ साली देशातील रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली होती. १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. डासांनी कीटकनाशक पचविले, आणि यंत्रणाही शिथिल झाली.

पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी अळी ॲनोफिलीसची; डोके खाली करून तिरकी लोंबणारी क्यूलेक्सची. एवढी ओळख शाळकरी मुलालाही सहज होते. वसतिगृहातील मुलांनी दर आठवड्याला टाक्यांची झाकणे उघडून ही पाहणी केली, आणि पालकांनी घरी तीच केली, तर विज्ञानाचा हा धडा केवळ पुस्तकात राहणार नाही. तो आपल्या मुलांचे प्राण राखील.